लखन गाडीतून चार वेळा उतरला

सांगवी, जि. आदिलाबाद
रविवार, दुपार

तीर्थरूप नागनाथमामा यांना प्रगतीचा सप्रेम जय भीम.

मामा, आधी एक प्रश्न विचारते. एखाद्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावली आणि मग कोर्टात विचारलं की तू नेमकं काय पाहिलंस, तर त्यानं खरं म्हणून कोणतं सांगायचं? बी.ए.ला मला राज्यशास्त्र होतं. भारतीय न्यायव्यवस्थेवरचं मोठं उत्तर मी स्वल्पविरामांसकट पाठ केलं होतं आणि त्यात चांगले गुणही मिळवले होते. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत नाही. तुम्हाला येत असेल तर कळवावं.

तब्येतीची विचारपूस पहिल्या ओळीत करायची असते, ती राहून गेली. तुमचं बीपी कसं आहे? मामींचे गुडघे? हर्षदीपदादा शेठच्या भैंशाच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर रुळला का? आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे जेवतो आणि झोपतो. पत्र लिहिण्याचं कारण असं की मी गेल्या आठवड्यात तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा तुम्ही आंघोळीला गेला होतात असं मामींनी सांगितलं. (एवढी स्वच्छता बीपीला चांगली का वाईट, ते डॉक्टरांना विचारून घ्या.) व्हॉट्सअपवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काही येत नाही. पत्राला निळी खूण येत नाही. त्यामुळे तुम्हाला वाचलं नाही असं म्हणायची सोय राहते आणि मला लिहायची.

सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी, कारण हे सगळं मीच ओढवून घेतलं. निर्मलला हॉस्टेलवर असताना मला गुन्ह्यांच्या माहितीपटांचा नाद लागला, हे तुम्हाला माहीत आहे. मयूरीच्या मोबाइलवर आम्ही एका चादरीखाली दोघी बसून ते पाहायचो. मला त्यातले श्रीमंत आरोपींचे जास्त आवडायचे. आधी वरून उडत जाणाऱ्या कॅमेऱ्यातून बंगला दिसतो, मग आरोपी लहानपणी घोड्यावर बसलेला, मग त्याचा वकील पुस्तकांच्या कपाटापुढे बसून सांगतो की माझा अशील अतिशय हळवा आहे. मग एक साधी बाई येते, सुती साडीतली. ती एकच वाक्य बोलते आणि संगीत बदलतं. तिथून पुढे सगळी यंत्रणा जागी होते, फाइली उघडतात, मोठे लोक घाम पुसतात. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात की आरोपींनी सर्व आरोप नाकारले आहेत. त्या अक्षरांकडे मी कधी नीट लक्ष दिलं नाही. माझं लक्ष त्या बाईकडे असायचं. मला वाटायचं, अशी बाई तर आपल्या घरात आहे.

आणि ती होतीच. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या हंगामात आई आणि आपल्या वस्तीतली भागीरथामावशी जिनिंगमधली पाळी संपवून रस्त्याच्या कडेनं घरी येत होत्या. उजेड होता. शेठची पांढरी गाडी आली, भागीरथामावशीला उडवून थांबली, मावशी जागीच गेली, आणि गाडी चालवणारा माणूस खाली उतरला. तो शेठचा मुलगा वैभव होता, असं आईनं पाहिलं. अंतर आपल्या ओसरीपासून हापशापर्यंत असतं तेवढं. वैभवशेठनं मावशीकडे पाहिलं, मग गाडीचा पुढचा दिवा फुटला का ते पाहिलं. आई जबाब द्यायला ठाण्यात पोचली तेव्हा त्यांचा ड्रायव्हर लखन आधीच तिथं बाकावर बसलेला होता आणि गाडी मीच चालवत होतो असं सांगून चहा पीत होता. (आईला लखनचा कधी राग आला नाही. त्याच्या घरी तीन मुली आहेत.) आईच्या जबाबामुळे लखनबरोबर वैभवशेठही आरोपी झाला. एवढीच ही केस. भागीरथामावशीच्या बाजूनं साक्षीदार एकच, आपली आई.

मग मी पदवीधर झाले आणि पदवीचा उपयोग केला. हैदराबादच्या एका कंपनीला इंग्रजीत मेल लिहिली. तुम्ही श्रीमंत आरोपींवर मालिका करता, आमच्याकडे एक आहे. मला वाटलं उत्तर यायला वर्ष लागेल. ते दुसऱ्या दिवशी आलं. पुढच्या महिन्यात पूनम मॅडम, दोन गाड्या आणि बारा पेट्या सामान घेऊन सांगवीत हजर. पूनम मॅडम म्हणजे दिग्दर्शिका. बाई मनानं खरंच चांगल्या आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. भागीरथामावशीचा फोटो पाहून त्या रडल्या. मग डोळे पुसून कॅमेरावाल्याला म्हणाल्या की फोटोवर उजेड तिरका पाहिजे. मला त्यांनी मराठी, तेलुगू, हिंदी या तिन्ही भाषांसाठी ठेवून घेतलं. मामा, त्या दिवशी मी आरशात पाहून केस बांधले आणि स्वतःला म्हटलं, प्रगती, आता न्याय होणार.

आधी आईची मुलाखत. आईनं खिडकीतून विचारमग्न होऊन बाहेर पाहावं असं ठरलं. आपल्या घराला उजेडाच्या बाजूनं खिडकी नाही, म्हणून समोरच्या जयवंताबाईच्या घरात नेऊन बसवलं. त्यामुळे माहितीपटात आई अतिशय खिन्नपणे आपल्याच घराकडे पाहते आहे. मग तिनं बोलता बोलता भाकरी थापाव्या असं ठरलं. भर दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. पीठ संपेपर्यंत थापल्या. पाहुण्यांनी खाल्ल्या, कौतुक केलं, डबा भरून नेला. आई म्हणाली, “न्याय भेटो नाई तं नाई, लोकं जेवून तं गेले.” भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो थोडा वेळ काढून ठेवता येईल का, असं एका मुलानं विचारलं. फोटोमुळे जातीचा मुद्दा येतो, मालिकेच्या या भागात तो नको, प्रेक्षकांचा गुंता होतो. मी हे आईला भाषांतर करून सांगावं की नाही या विचारात होते, आईला हिंदी कळतं हे मी विसरलेच होते. “फोटो नाई हालत,” ती म्हणाली. “तुमचा क्यामेरा हालवा.” कॅमेरा हलला. मला वाटलं, बघा, यंत्रणा जागी होते आहे.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर. वैभवशेठनं आम्हा सगळ्यांना चहा दिला, मलासुद्धा, कपबशीत. मला ओळखून म्हणाला, “तू ताराबाईची ना? शिकलीस, फार छान केलंस.” मामा, मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी थँक्यू म्हणाले. मग तो झोपाळ्यावर बसला, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्यात पाहून सांगितलं की त्या दिवसापासून त्यालाही झोप नाही, त्यालाही सत्यच हवं आहे, आणि लखनला तो आजही भावासारखा मानतो. एका दमात. पूनम मॅडम परत येताना गाडीत म्हणाल्या, काय सहज बोलतो हा. आईला तिचं खरं सांगायला पाच टेक लागले होते, कारण कधी विमान गेलं, कधी बकरी ओरडली, कधी ती भागीरथामावशीचं नाव घेऊन थांबली. वैभवशेठचं एकात झालं.

तिसऱ्या दिवशी घटना पुन्हा उभी करायची होती. त्या दिवशी तुम्ही इथं होतात. होतात काय, मधोमध होतात. तुम्ही आईला भेटायला म्हणून आलात आणि त्यांनी तुमच्या हातात उजेड परतवायचा तो चंदेरी पुठ्ठा दिला, डोक्यावर कंपनीची टोपी घातली, आणि तुम्ही दिवसभर आईपासून दोन हातांवर तो पुठ्ठा धरून उभे राहिलात. मामींना फोन करून लायटिंग माझ्याकडे आहे म्हणून सांगितलंत. बाकी गाव दोरीच्या पलीकडे होतं. पोरं कंपाउंडवर, बाया ट्रॉलीवर, पाटलांचे म्हातारे पांडुरंगराव तर खुर्ची घेऊन आले होते.

गाडी तशीच हवी होती, पांढरी, मोठी, गिअर नसलेली. ती कंपनीनं भाड्यानं आणली. पण ती चालवायला गावात कुणाला येईना. ज्याला येत होती असा एकच माणूस सापडला, तो लखन. त्याचा परवाना कोर्टात जमा आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले, शूटिंगला चालतं. उंचीही वैभवशेठएवढीच, पाठमोरा तर हुबेहूब. पूनम मॅडमचे डोळे चमकले. ज्यानं दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला, तोच त्या दुसऱ्याचं काम करणार, किती विलक्षण! मलाही विलक्षण वाटलं. मीच लखनला समजावलं. तो आधी नाही म्हणाला, मग मजुरी ऐकून हो म्हणाला. त्याला पांढरा शर्ट घातला.

भागीरथामावशीच्या जागी सरकीचं पोतं ठेवलं होतं, साडी गुंडाळून. आईला फक्त उभं राहून पाहायचं होतं, जसं तेव्हा पाहिलं तसं. पहिल्या वेळी लखन दार उघडून उतरला आणि आईनं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, सुंदर, पण दार जरा हळू. दुसऱ्या वेळी ढग आला. तिसऱ्या वेळी लखनच रडायला लागला, तेव्हा त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की अश्रू चांगले आहेत, पण वैभव रडत नाही. चौथ्या वेळी जमलं. प्रत्येक वेळी शूटिंग थांबलं की आई त्या पोत्यापाशी जायची आणि साडी पायांवरून खाली ओढायची. मी विचारलं, काऊन वं आई? ती म्हणाली, “रस्त्यावर आहे ना ते. लोकं पाहून राह्यले.” तुम्ही ऐकलंत ते, मामा. तुम्ही पुठ्ठा खाली ठेवून तोंड फिरवलं होतं. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला.

आता कोर्ट. आदिलाबादला आईची साक्ष होती त्या दिवशी मी तिला माझ्या दीक्षान्त समारंभाला नेसली होती तीच साडी नेसवली. तिला देवाची शपथ घ्यायची नव्हती, नुसतं खरं सांगीन म्हणाली, तेही चालतं असं कळलं. तिचं मराठी तेलुगूत सांगायला एक कर्मचारी होते. सरकारी वकिलांनी विचारलं, आईनं सांगितलं, सगळं जसं घडलं तसं. मी मागच्या बाकावर बसून मनात संगीत बदलायची वाट पाहत होते. मग वैभवशेठचे हैदराबादचे वकील उठले. त्यांच्यामागे पुस्तकांचं कपाट नव्हतं, पण आवाज तोच. फार प्रेमानं त्यांनी विचारलं की बाई, तुम्ही आज खरंच सांगणार ना? आई म्हणाली, हो. मग सांगा, लखनला तुम्ही तशा पांढऱ्या गाडीतून, चालवायच्या बाजूनं, त्याच रस्त्यावर उतरताना कधी पाहिलं आहे की नाही? हो किंवा नाही, एवढंच.

मामा, तुमची बहीण कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. किराणावाल्यानं चुकून रुपया जास्त दिला तर उन्हात परत जाणारी. ती क्षणभर आठवायला थांबली आणि म्हणाली, “हो साहेब, पाह्यलं ना. चार वेळा पाह्यलं.”

लोक हसले. “पन ते तं शुटिंग...” एवढं तिच्या तोंडून निघालं, तोवर वकील धन्यवाद म्हणून खाली बसले होते. उत्तर “हो” असं लिहिलं गेलं. सरकारी वकिलांना शूटिंगचं काहीच माहीत नव्हतं. सगळा तालुका पाहून गेला तरी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यात मीही आले. मी माहितीपटात पाहिलं होतं की वकिलांना सगळं आधीच माहीत असतं. त्यांनी फेरप्रश्न नाहीत म्हणून सांगितलं आणि आईला खाली उतरायला लावलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “मी खोटं बोलली का?” नाही म्हटलं. “मंग ते हासले काऊन?” तेव्हापासून ती कमी बोलते. भागीरथामावशीच्या घरासमोरून जायचं टाळते, मागच्या वाटेनं पाण्याला जाते. म्हणते, तिला एकदा गाडीनं मारलं, एकदा मी.

मी पूनम मॅडमना फोन केला. त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण द्या, आवाजासकट, म्हणजे लखन का उतरला ते कोर्टाला दाखवता येईल. मॅडम ऐकून खरोखर हळहळल्या. मग म्हणाल्या, प्रगती, पण शेवट म्हणून हे किती जबरदस्त आहे, कळतंय का तुला? एक प्रामाणिक साक्षीदार, प्रामाणिकपणामुळेच हरते! चित्रीकरण ही कंपनीची मालमत्ता आहे, त्यांचे कायदेवाले प्रदर्शनाआधी काही देत नाहीत, आणि प्रदर्शन निकालानंतरच आहे. निकालाच्या दिवशी त्या पुन्हा येणार आहेत. आईनं तेव्हा काय बोलावं याचा आत्ता विचार करायचा नाही, सहज यायला हवं, असं त्यांनी बजावलं. माहितीपटाची छोटी जाहिरात तर आलीच आहे. त्यात कापसाच्या ढिगांवर कॅमेरा उडतो, बर्फासारखा दिसतो कापूस. (त्यात नाका-तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्या बाया दिसत नाहीत, कारण फडकी सोडायला लावली तर त्या खोकत होत्या.) झोपाळा, वैभवशेठ आणि कुत्रा दिसतो. कॉलेजातल्या मुली म्हणतात, दिसायला तर चांगला आहे गं, वाटत नाही तसा.

सरकारी वकील शेवटी भले निघाले. म्हणाले, साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा अर्ज करता येतो, पण शूटिंगला हजर असलेला, जवळून पाहिलेला माणूस हवा. तू चालशील, पण तू मुलगी आणि त्यांच्या पगारावर होतीस, पढवलेली म्हणतील. मग मी गावात फिरले. मामा, हा भाग तुम्हाला आवडेल. आख्खं गाव ज्या दिवशी कंपाउंडवर चढलं होतं, त्या दिवशी कुणालाच काही दिसलेलं नाही. ट्रॉलीवरच्या बायांच्या डोळ्यांवर ऊन होतं. पोरं परीक्षेचा अभ्यास करत होती, कंपाउंडवर. पांडुरंगराव म्हणाले, “बाई, मी तं खुर्चीवर झोपलो होतो.” मी म्हटलं, आबा, तुम्ही लखनला हात वर करून शाबास म्हणाला होतात. म्हणाले, “झोपेत म्हनलो असन.” मी कुणाला दोष देत नाही. अर्ध्या गावाची पोटं त्या जिनिंगवर आहेत आणि उरलेल्या अर्ध्याचा कापूस तिथंच जातो. लखनच्या दारात मी गेलेच नाही. मी त्याला एकदा समजावलं आहे, तेवढं पुरे.

तुमच्याबद्दल मात्र माझा वेगळा विश्वास होता आणि अजून आहे. दर चौदा एप्रिलला भैंशाच्या विहारात तुम्ही जे भाषण करता, ते मी सहावीपासून ऐकते आहे. निर्भयपणे उभं राहा म्हणताना तुम्ही टेबलावर मूठ आपटता आणि पाण्याचा पेला हलतो. त्या भाषणामुळे मी शिकले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. तुमचा हर्षदीपदादा शेठच्या काट्यावर बसतो, त्याचं लग्न ठरवताय, हे मला कळतं. दादाची नोकरी माझ्या हातची नाही, आणि ती गेली तर मी दुसरी देऊ शकणार नाही. तुम्ही चंदेरी पुठ्ठा धरलेला तो फोटो, ज्यात मागे गाडी, उतरता लखन आणि आई असं सगळं स्पष्ट दिसतं, तो तुम्ही स्टेटसवरून काढलात हेही मला कळलं. काढण्याआधी मी तो उतरवून घेतला होता. तेव्हा कौतुकानं घेतला होता, मामा, दुसऱ्या कशासाठी नाही.

यावरून मी चिडले आहे असं समजू नका. माझा न्यायव्यवस्थेवर विश्वास आहे. परीक्षेत लिहिलं होतं त्यापेक्षा थोडा कमी. माहितीपट मात्र आता बघत नाही. काल मयूरीनं एक पाठवला होता, कुठल्याशा परदेशातल्या गर्भश्रीमंताचा. त्यात शेवटी एक म्हातारी बाई बोलायला लागली आणि संगीत बदललं, तिथंच मी बंद केला. ती सांगत होती ते तिला किती वेळा सांगायला लावलं असेल, एवढंच माझ्या डोक्यात येत राहिलं.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधायला सांगावा. हर्षदीपदादाला माझा जय भीम, आणि राग येणार असेल तर माझ्यावर यावा, आईवर नको, असं सांगावं.

तुमची भाची,
प्रगती

ता. क. : पत्राचं कारण वर फोन लागत नाही असं लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तुम्ही कोर्टात येऊन एवढंच सांगायचं आहे की तुम्ही तिथं होतात, ते शूटिंग होतं आणि लखन सांगितलं म्हणून उतरला. भाषण नको. टेबलावर मूठ आपटली तर साहेब रागावतील.

ता. क. दुसरा : येताना टोपी घालून येऊ नये.

ता. क. तिसरा : वर विनंती केली आहे, पण तुमच्या होकारासाठी मी थांबले नाही. शुक्रवारी आदिलाबादला जाऊन सरकारी वकिलांच्या अर्जात साक्षीदार म्हणून तुमचं नाव, भैंशाचा पत्ता आणि फोन नंबर घालून आले, फोटोही जोडला. समन्स पुढच्या आठवड्यात येईल, त्या वेळी आंघोळीला जाऊ नका. घरी आल्यावर आईला सांगितलं की नाव द्या असं नागनाथमामांनी स्वतःहून कळवलं होतं. संध्याकाळी घागर घेऊन निघाली ती पुढच्या वाटेनं, भागीरथामावशीच्या घरासमोरून.